रिबन माइकची कड

ठाकुर्लीत घरच्या घरी पेटी, व्हायोलिन किंवा भजन रेकॉर्ड करू पाहणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, "माइक कुठला घेऊ?" मला वाटतं, त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा: माइकला काय ऐकू द्यायचं नाही? डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधलं हे स्टेशन. दिवसभर धिम्या आणि जलद लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या, रात्री मालगाड्या. खिडकीखाली रिक्षा, शेजारच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर सरकणाऱ्या खुर्च्या, डोक्यावर पंखा. आणि खोली बहुधा दहा बाय दहा, चारी भिंती गुळगुळीत, फरशी टाइल्सची. इथं उत्तम माइक म्हणजे सगळं टिपणारा माइक, ही समजूत महागात पडते. खूप टिपणारा कंडेन्सर माइक अशा खोलीत लावला, की वाद्याबरोबर सगळी सोसायटी रेकॉर्ड होते.

रिबन माइकचं मोल मला याच ठिकाणी कळतं. पूर्वी रेडिओच्या आणि सिनेमाच्या स्टुडिओंत दिसणारा हा माइक आता हौशी माणसाला परवडेल अशा किमतीतही मिळू लागला आहे. त्याच्या उबदार, मऊ आवाजाबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि ते खरंही आहे. पण लहान घरात काम करणाऱ्याला त्याचा सर्वांत मोठा उपयोग त्याच्या बहिऱ्या कडांचा आहे. त्याचं तोंड वाद्याकडे कसं करायचं हे कुणीही सांगेल. कड कुणाकडे करायची यावर रेकॉर्डिंग तरतं किंवा बुडतं.

हे का, ते समजायला त्याच्या आत डोकवावं लागतं. चुंबकाच्या दोन ध्रुवांमधल्या अरुंद फटीत अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी सैलसर बसवलेली असते. रुंदी काही मिलिमीटर, लांबी बोटाच्या एकदोन पेरांएवढी, जाडी बहुतेक माइकमध्ये दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे ही पट्टी त्याच्या वीस-तीस पटींनी पातळ. तिला आडव्या बारीक चुण्या पाडलेल्या असतात, त्यामुळे ती लवचीक राहते. हवा हलली की पट्टी हलते, आणि चुंबकीय क्षेत्रात धातू हलला की त्यात वीज निर्माण होते. मायक्रोफोनचा पडदा आणि तार अशा दोन वेगळ्या वस्तू इथं नाहीत. पट्टी हाच पडदा आणि पट्टी हीच तार.

आता यातली मेख. ही पट्टी पुढून जशी उघडी तशीच मागूनही उघडी असते. ती हलते ती दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबात फरक पडला तरच. समोरून आलेला सूर आधी पुढच्या अंगावर पोचतो, मग वळसा घालून मागच्या. फरक पडतो, पट्टी हलते. मागून आलेल्या सुराचंही तसंच, फक्त हालचाल उलटी. पण सूर अगदी बाजूने आला तर तो दोन्ही अंगांवर एकाच क्षणी, सारख्याच दाबाने पोचतो. फरक शून्य, पट्टी जागच्या जागी. म्हणून हा माइक पुढून आणि मागून सारखाच ऐकतो आणि कडेने ऐकतच नाही. कागदावर त्याची आकृती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी निघते, म्हणून सगळे त्याला 'फिगर एट' म्हणतात.

या आठाचा हिशेब सरळ कोनाचा आहे. वाद्य बरोबर समोर असेल तर पूर्ण आवाज. माइक ४५ अंशांनी फिरवला तर ३ डेसिबल कमी. ६० अंशांनी फिरवला तर ६ डेसिबल कमी, म्हणजे विजेचा दाब निम्मा. ९० अंशांवर शून्य. प्रत्यक्षात चांगल्या माइकमध्ये तिथं आवाज वीस-तीस डेसिबलने खाली गेलेला असतो. नेहमीचे गाण्याचे कार्डिऑइड माइकही मागून कमी ऐकतात, पण त्यांची ती पाठ वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळी वागते. खर्जातलं बरंचसं आत झिरपतं. रिबनच्या कडेचा बहिरेपणा खालपासून वरपर्यंत बराच एकसारखा असतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: ही बहिरी कड डावी-उजवीकडेच संपत नाही. माइक उभा धरला तर थेट वर आणि थेट खालीही तो बहिराच. पट्टीच्या पातळीतून एक अख्खा सपाट पडदा चारी दिशांना पसरतो, आणि त्या पडद्यावर जे जे येईल ते गाळलं जातं.

रिबनची मूळ कल्पना १९२४ साली जर्मनीत सीमेन्स कंपनीच्या वॉल्टर शॉटकी आणि एर्विन गेर्लाख यांची. तिला स्टुडिओत वापरण्याजोगं रूप दिलं ते अमेरिकेत आरसीएच्या हॅरी ओल्सन यांनी, १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत. जुन्या छायाचित्रांत गायकांसमोर दिसणारा, खालून-वरून कोन काढलेला तो मोठा माइक म्हणजे आरसीए ४४. वजन साडेतीन-चार किलो, कारण तेव्हाचे चुंबक कमजोर आणि म्हणून अवाढव्य. पुढे इंग्लंडात बीबीसीच्या आराखड्यावर ४०३८ हा माइक झाला, जो कोल्स या नावाने आजही बनतो. १९९८ साली आलेल्या रॉयर आर-१२१ ने नव्या पिढीला रिबनकडे वळवलं.

रुळांशेजारी रेकॉर्डिंग करण्याचं दुखणं आपल्याकडे बोलपटाइतकंच जुनं आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' अर्देशिर इराणी यांनी ज्या स्टुडिओत केला, तो ग्रँट रोडजवळ रेल्वेच्या मार्गाला लागून होता. स्टुडिओला ध्वनिरोधक भिंती नव्हत्या. म्हणून चित्रीकरण बरंचसं मध्यरात्री एक ते पहाटे चार या वेळेत व्हायचं, गाड्या थांबलेल्या असताना. संवाद आणि गाणी जागच्या जागी ध्वनिमुद्रित होत आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत. ठाकुर्लीत आजही शेवटची लोकल गेल्यावर आणि पहाटेची पहिली येण्याआधी पेटी उघडणारा माणूस त्याच वाटेने चालतो आहे. फरक एवढाच, की त्याच्या हातात आता बहिऱ्या कडांचा माइक आहे, आणि तो नीट फिरवला तर रात्रीची वाट नेहमीच पाहावी लागत नाही.

तर खोलीत शिरल्यावर आधी खिडकी पाहायची. वाद्य आणि माइक यांना जोडणारी रेषा खिडकीच्या भिंतीला समांतर ठेवायची, म्हणजे माइकची कड आपोआप खिडकीकडे होते. मग हे डोळ्यांवर न सोडता कानांनी पक्कं करायचं. कुणाला तरी मोबाइलवर न लागलेल्या रेडिओसारखी खरखर लावून तो खिडकीच्या गजाला टेकवायला सांगा. तुम्ही हेडफोन लावा, गेन चढवा आणि स्टँडवरचा माइक दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवा. खरखर कमी होत जाते, एका जागी जवळजवळ विझते आणि दोनतीन अंश पुढे गेलात की पुन्हा वर येते. ती विझण्याची जागा फार अरुंद असते. नुसत्या नजरेने माइक लावणारा तिच्या आसपास राहतो, नेमका तिथं पोचत नाही. जागा सापडली की स्टँडचा स्क्रू घट्ट करायचा आणि वादकाला माइकसमोर बसवायचं. वादक बसल्यावर त्याच्याकडे माइक वळवायला जाऊ नका. आधी माइक, मग माणूस.

पंखाही याच हिशेबात बसतो. उभ्या रिबनच्या बरोबर वर पंखा आला तर त्याचा घूं-घूं आवाज बहिऱ्या पडद्यावर येतो. पण पंख्याचा आवाज आणि पंख्याचा वारा या दोन गोष्टी आहेत. वाऱ्याचा झोत पट्टीला ढकलतो, आणि ते ढकलणं माइकच्या कुठल्याही कोनाने टळत नाही. तेव्हा पंखा बंदच ठेवावा. ठाकुर्लीच्या मे महिन्यात हे सांगणं सोपं नाही, हे मला माहीत आहे.

कडेची मर्यादाही सांगायला हवी. खिडकीतून आलेला आवाज थेट माइकपर्यंत जेवढा पोचतो तेवढाच ती गाळते. तोच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून माइकच्या तोंडासमोर आला की ऐकू येणारच. म्हणून ज्या भिंतीकडे माइकची तोंडं आहेत तिथं काहीतरी मऊ हवं: गाद्यांचा ढीग, दोरीवर टाकलेल्या गोधड्या, साड्यांचं उघडलेलं कपाट. गाडीची धडधड तर इमारतीच्या पायातून, फरशीतून, स्टँडच्या नळीतून वर चढते. तिला कड ठाऊक नाही. स्टँडखाली जाड फोम किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवली तर बराच फरक पडतो.

आता माइकची पाठ. कार्डिऑइड वापरून सवय झालेले लोक माइक खुशाल भिंतीला लावून ठेवतात. रिबनमध्ये हे करू नये. मागची भिंत माइकपासून ३० सेंटीमीटरवर असेल तर वाद्याचा सूर तिथं आपटून ६० सेंटीमीटर जास्त चालून मागच्या तोंडात शिरतो, आणि तोही उलटा होऊन. थेट आलेला सूर आणि हा उलटा सूर काही ठिकाणी एकमेकांना खातात. अशा अंतराला साधारण ५७० हर्ट्‌झजवळ आणि त्याच्या दुपटी-तिपटीला खड्डे पडतात, शिवाय खालचे स्वरही बारीक होतात. वाद्य डब्यात बसल्यासारखं वाजतं आणि दोष माइकला मिळतो. मागे निदान एक-दीड मीटर मोकळं ठेवावं. दहा बाय दहाच्या खोलीत त्यासाठी कर्णरेषा सोयीची. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चौदा फूट मिळतात. पण खिडकी भिंतीच्या मध्यावर असेल तर कर्णावर ठेवलेल्या माइकची कड तिच्याकडे होत नाही, ती ४५ अंशांत येते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. दिवसा मी खिडकीची बाजू धरेन, रात्री कर्णाची.

अंतराचा प्रश्न याहून नाजूक आहे. रिबन जसा वाद्याच्या जवळ जाईल तसा खर्ज फुगत जातो. इतर दिशादर्शी माइकमध्येही हे होतं, पण रिबनमध्ये सर्वांत जास्त. काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तंबोरा घ्या. त्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्‌झची. लहानशा ध्वनिस्रोताचं गणित धरलं, तर ३० सेंटीमीटरवरून ऐकताना या स्वराला सुमारे ९ डेसिबलची जादा फुगवण मिळते; एक मीटरवरून ती जेमतेम २ डेसिबल उरते. म्हणजे दोन-तीन वितींचं अंतर माइकच्या बटणांपेक्षा मोठा बदल घडवतं. जवळून घेतलेली पेटी भरदार वाटते ती यामुळेच, आणि डग्गा जवळून घेतला की सगळं गढूळ होतं तेही यामुळेच. उपाय म्हणून अनेकजण डोळे मिटून ८० हर्ट्‌झचा लो-कट लावतात. रेल्वेची धडधड त्याने कमी होते हे खरं, पण तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या खाली आहे. तोही कापला जातो. त्यापेक्षा माइक मागे घ्यावा.

मागे घ्यायला रिबन परवानगीही देतो. चहूकडून सारखं ऐकणाऱ्या माइकच्या तुलनेत तो खोलीचा घुमारा फक्त एक तृतीयांश घेतो. त्यामुळे तो साधारण पावणेदोन पट लांब ठेवला तरी वाद्य आणि खोली यांचं प्रमाण तेवढंच राहतं. वाद्यापासून साठ ते नव्वद सेंटीमीटर हे मला बहुतेक आपल्या वाद्यांसाठी योग्य सुरुवातीचं अंतर वाटतं.

घरच्या रेकॉर्डिंगमधला सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे स्वतः पेटी वाजवत गाणारा गायक. आवाज आणि पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर हव्यात, म्हणजे मागाहून तोल साधता येतो. पण गायकाचं तोंड आणि पेटीची जाळी यांत फार अंतर नसतं. एक माइक आवाजाला, एक पेटीला लावला की दोन्हींत दोन्ही येतं, आणि एकाचा आवाज कमी केला तर दुसऱ्याचा पोत बदलतो. इथं दोन रिबन असतील तर फार सुंदर तोडगा निघतो, आणि तो मला या सगळ्या विद्येचा गाभा वाटतो.

गायक मांडी घालून बसला आहे, पेटी समोर. पेटीची जाळी त्याच्या तोंडापासून आडव्या अंतराने साधारण हातभर पुढे आणि दीड-पावणेदोन फूट खाली. पहिला माइक जाळीच्या बरोबर वर, गायकाच्या तोंडाच्या उंचीवर उभा लावायचा, तोंड गायकाकडे. आता त्याच्या थेट खाली काय आहे? पेटी. म्हणजे पेटी त्याच्या बहिऱ्या पडद्यावर. दुसरा माइक त्याच्याच शेजारी, शक्य तितका चिकटून, पण आडवा: त्याचं तोंड थेट खाली जाळीकडे. मग गायकाचं तोंड त्याच्या कडेला येतं. पहिला फक्त गाणं ऐकतो, दुसरा फक्त पेटी. जे एकाला दिसतं तेच दुसऱ्याला दिसत नाही. दोघं एकाच जागी असल्यामुळे सूर दोन्हींकडे एकाच वेळी पोचतात, आणि मिसळताना आवाज पोकळ होत नाही.

बारकावे इथूनच सुरू होतात. पेटीच्या माइकची पाठ आता छताकडे आहे, म्हणून पंखा बंद हवाच. भात्याची करकर पेटीच्या पलीकडच्या अंगाने येते. आडव्या माइकचं तोंड जाळीवर ठेवून तो किंचित गायकाकडे सरकवला तर ती थोडी मागे पडते. 'प', 'फ', 'भ' या अक्षरांची फुंकर पट्टीवर बसू नये म्हणून आवाजाच्या माइकपुढे जाळीचा पॉप फिल्टर लावायचा. गायक ताना घेताना मान हलवणार, हेही धरून चालायचं. मान तोंडाच्या रेषेत पुढे-मागे झाली तर आडवा माइक तिला तरीही कडेलाच पाहतो. वर-खाली झाली तर थोडा आवाज गळतो. आणि खोलीच्या भिंतींवरून परतलेलं गाणं पेटीच्या ट्रॅकवर थोडं येणारच. पण थेट गळती गेली, की उरलेलं कानाला खटकत नाही.

दोन फिगर एट एकमेकांना काटकोनात ठेवण्याची कल्पना इंग्रज अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांच्या १९३१ सालच्या पेटंटमध्ये आहे. त्यांनी ती स्टीरिओसाठी मांडली होती: दोन्ही माइक उभे, एकाचं तोंड ४५ अंश डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. आपली पेटी-गायकाची जोडी म्हणजे तीच रचना डोक्यावरून कलती केलेली. संतूर, सतार किंवा छोटी बैठक मूळ रचनेत फार नैसर्गिक येते, मात्र खोली चांगली हवी, कारण मागची दोन तोंडं खोली मोकळेपणाने ऐकतात. ठाकुर्लीच्या फ्लॅटमध्ये मी ती क्वचितच सुचवेन. देवळाचा लाकडी सभामंडप मिळाला तर जरूर.

बाकीच्या वाद्यांबद्दल थोडक्यात. व्हायोलिन आणि रिबन यांचं फार जुळतं. कंडेन्सर माइक गजाचा खरखरीतपणा वर काढतो. रिबन वरच्या पट्टीत हळूहळू उतरत जातो, त्यामुळे तारेचा गोडवा राहतो. आपले व्हायोलिनवादक खाली बसून वाद्याचं डोकं पायावर टेकवतात, त्यामुळे वाद्याची वरची फळी समोर आणि थोडी वर पाहते. माइक त्या दिशेने दोन-अडीच फुटांवर. सनईसाठी माइक तिच्या पितळी तोंडासमोर कधीही नको. तिथून येणारा झोत कडक आणि एकांगी असतो; स्वरांची भोकं जिथं आहेत त्या मधल्या भागाकडे, तीनेक फुटांवरून, माइक थोडा तिरपा करून घ्यावा. तबल्याला वरून, दोन्ही भांड्यांच्या मध्ये, दीड-दोन फुटांवरून. डग्ग्याच्या पुडीसमोर अगदी जवळ नको, कारण तिथं प्रत्येक 'घे'ला हवेचा धक्का बसतो.

एक गैरसमज इथं दूर करतो. मोठ्या आवाजाने रिबन फाटत नाही. आजचे अनेक रिबन माइक गिटारच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर रोज वापरले जातात. पट्टी ताणते ती वाऱ्याने: फुंकर मारून "हॅलो, हॅलो" करण्याने, दार धाडकन आपटल्याने, उघडा माइक हातात घेऊन चालल्याने. म्हणून ढोल-ताशाला रिबन लावू नका असं मी सांगतो, ते ताशाच्या कडकडाटापायी नव्हे. पथक रस्त्यावर असतं आणि रस्त्यावर वारा असतो.

तंबोऱ्याला मात्र माझ्या मते रिबन नको. मिरजेचे कारागीर घोडीवर तासन् तास घासून जी जवारी उघडतात, तिचं सगळं तेज वरच्या स्वरसंवादांत आहे, आणि रिबन नेमका तिथंच मऊ पडतो. शिवाय तंबोऱ्याचा आवाज लहान. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा वाद्याचा वरचा अर्धा भाग रेकॉर्डिंगमध्ये झाकून टाकणं बरं नाही. त्याला छोटा कंडेन्सर द्यावा, रात्री.

आवाज लहान असला की अडचण का येते, तेही पाहू. रिबनमधून फार कमी वीज येते. कंडेन्सर माइक ज्या आवाजाला दहा-वीस मिलिव्होल्ट देतो, तिथं रिबन एक ते तीन देतो. हलक्या वाद्यावर प्रत्यक्षात मिळतात काही दशक मायक्रोव्होल्ट. त्यांना वर आणायला साठ-सत्तर डेसिबल स्वच्छ गेन लागतो. स्वस्त इंटरफेस शेवटच्या टोकाला सूं-सूं करू लागतो. त्यासाठी मधे लावायचे छोटे बूस्टर मिळतात. ते फँटम पॉवरवर चालतात आणि ती ४८ व्होल्टची वीज माइकपर्यंत पोचू देत नाहीत, हा दुहेरी फायदा. आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेल्या साध्या रिबनला फँटमची गरज नाही. केबल नीट असेल तर बहुधा काही बिघडत नाही, पण सदोष केबलमधून पट्टीवर झटका बसू शकतो. माइक जोडण्याआधी फँटम बंद केल्याची खात्री करावी.

आणि गुणगुण. एवढ्या दुबळ्या सिग्नलमध्ये ५० हर्ट्‌झचं विजेचं चुंबकीय क्षेत्र सहज मिसळतं, कारण माइकच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. ठाकुर्लीला विजेचा वारसा आहे: ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी चोळा वीजकेंद्र इथंच उभारलं होतं. तेव्हाच्या आणि पुढेही कित्येक दशकांच्या गाड्या १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर धावत. आता त्या तारांत २५,००० व्होल्टची ५० हर्ट्‌झची प्रत्यावर्ती वीज आहे. रुळांना अगदी लागून असलेल्या घरात तिचं क्षेत्र पोचू शकतं, पण बहुतेक वेळा गुन्हेगार घरातच सापडतो: लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर, ट्यूबलाइटचा जुना चोक, भिंतीपलीकडचा फ्रिज. माइक फिरवून गुणगुण कमी होते का ते पाहावं, मात्र गुणगुण विझण्याचा कोन आणि खिडकी विझण्याचा कोन सारखाच असेल असं नाही. कोन खिडकीला द्यावा आणि अ‍ॅडॅप्टर उचलून लांब न्यावा.

रुळांजवळच्या घरांत खिडकीवर जी काळपट धूळ साचते तिच्यात चाकांचा, रुळांचा, ब्रेकचा लोखंडी कीस असतो. रिबनच्या चुंबकाला तो हवाच असतो, आणि फटीत एक कण अडकला तरी पट्टी खरखरते. काम झालं की माइक लगेच कापडी पिशवीत, मग डब्यात, आणि डबा उभा. आडवा ठेवला तर पट्टी स्वतःच्या वजनाने हळूहळू झुकते.

सर्वांत शेवटी भजन, कारण तिथं या माइकची दोन्ही तोंडं कामाला लागतात. वारकरी भजनात टाळकरी दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात. एक रिबन दोन रांगांच्या बरोबर मधे, छातीच्या उंचीवर, एक तोंड या रांगेकडे आणि एक त्या रांगेकडे. टाळांची किणकिण कंडेन्सरमध्ये काचेसारखी टोचते. रिबनमध्ये ती पितळेची वाटते. आता मृदंग. तो रांगांच्या एका टोकाला असतो, म्हणजे माइकच्या कडेला, म्हणजे जवळजवळ ऐकूच येणार नाही. इथं मिक्सरला हात लावायची गरज नाही. मृदंगवाल्या माउलींना टोकावरून सरकवून रांगेच्या दिशेने थोडं आत घ्या. माइकच्या तोंडाशी त्यांचा कोन ६० अंशांचा झाला की मृदंग अगदी समोर असता तर जेवढा लागला असता त्यापेक्षा ६ डेसिबल खाली बसतो. ४५ अंशांवर आणला की ३. वीणेकरी बुवा अभंग उचलतात, त्यांना माइकच्या तोंडाच्या रेषेत, इतरांपेक्षा पाऊलभर पुढे उभं करा. एकाच माइकवर गाणी घेणारे जुने रेकॉर्डिस्ट हाच उद्योग करत: माणसं हलवत, पाऊल पुढे, पाऊल मागे. बुवा "माइक जरा जवळ घ्या की" म्हणतील, तेव्हा माइक हलवू नका. त्यांनाच अर्धं पाऊल पुढे यायला सांगा आणि लगेच ऐकवा.

मृदंगाला वेगळा माइक लावलाच, तर एक तपासणी करायची. रिबनच्या मागच्या तोंडाने घेतलेली रांग उलट्या ध्रुवाने येते. एकट्या माइकमध्ये याने काही बिघडत नाही, पण दुसरा माइक मिसळला की मागच्या रांगेशेजारच्या वाद्याचा खर्ज नाहीसा होऊ शकतो. म्हणून मृदंग असा ठेवा, की तो रिबनच्या पुढच्या तोंडाच्या बाजूला पडेल; ते जमत नसेल तर इंटरफेसवर त्याचं फेजचं बटण दाबून दोन्ही स्थितींत ऐका आणि ज्या स्थितीत धुमेचा, म्हणजे मृदंगाच्या खर्जाच्या तोंडाचा, घुमारा भरदार लागतो ती ठेवा.